सोमवार, ९ एप्रिल २००१

३१ मार्च २००१, शनिवार. फोर्टातल्या एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत तुम्ही उभे आहात. वय एकोणपन्नास. खांद्यावर शाल, हातात नारळ, आणि टेबलांवर वार्षिक क्लोजिंगचे ढीग, त्यामुळे तुमच्या निरोप समारंभाला आज कुणाला धड वेळ नाही. मॅनेजर दोन शब्द बोलत असतानाच शिपाई खालून धावत येतो: इंदूरला सचिनचे दहा हजार झाले! वनडेत जगात आजवर कुणाचेच झालेले नाहीत. मॅनेजर भाषण आवरतं घेतात, टाळ्या पडतात. त्या कोणासाठी, हे विचारायचं नसतं.

पैशांच्या हिशेबात तुमचा हात कोण धरणार? व्हीआरएसचं, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचं, सर्क्युलर तुम्हाला पाठ आहे. पूर्ण झालेल्या दर वर्षामागे साठ दिवसांचा पगार किंवा उरलेल्या महिन्यांचा पगार, जे कमी असेल ते. तुमची नोकरी २७ वर्षं, म्हणजे ५४ महिने. साठीला उरलेत १३२. तेव्हा ५४ पगार, वर ग्रॅच्युइटी, पीएफ, शिल्लक रजेचे पैसे आणि पेन्शन. पंधरा वर्षं नोकरी किंवा चाळीस वय एवढ्यावर अर्ज करता येत होता. संगणक येताहेत, माणसं जास्त झालीत, असं वरून सांगितलं जात होतं. देशभरात लाखावर लोकांनी सरकारी बँका सोडल्या. त्यातले तुम्ही एक.

रविवारी तुम्ही झोप काढता. सोमवारी रामनवमी. मंगळवारी विशाखापट्टणमची मॅच, ती आपण हरतो. शुक्रवारी मडगाव, तीही हरतो आणि मालिका जाते. पण तुमचा आठवडा झकास गेलेला असतो. डोंबिवलीच्या स्टेशनवर गर्दीत उभ्या मित्रांची तुम्हाला कीव येते.

मग उजाडतो ९ एप्रिलचा सोमवार. मॅच नाही, सण नाही.

साडेपाचला जाग येते. सवयीनं टॉवेल घेऊन तुम्ही न्हाणीघराकडे निघता, तर बायको म्हणते, "अहो, तुम्ही नंतर करा ना आंघोळ. तुम्हाला कुठं जायचंय?" तिच्या शाळेत परीक्षा चालू आहेत, मुलाचं कॉलेज आहे. तिच्या बोलण्यात टोमणा नाही, म्हणून तर ते जास्त लागतं. साडेआठला घर रिकामं. दहापर्यंत पेपर संपतो, टेंडर नोटिसांसकट. मग लादी पुसायला बाई येतात. इतकी वर्षं त्या या घरात येताहेत. तुम्ही कामाच्या दिवशी इथे बसलेले त्यांनी कधी पाहिलेले नाहीत. तुम्ही पाय वर घेता. त्या पुसतात. पाय खाली ठेवायला तुम्हाला धीर होत नाही, कारण लादी ओली आहे. अकराला तुम्ही शाखेत फोन लावता. सस्पेन्स खात्यातला तो फरक सापडला का? पलीकडचा पोरगा म्हणतो, "बघतो आम्ही, साहेब." म्हणजे फोन ठेवा.

आता तुम्ही ती यादी काढता. जानेवारीत अर्ज भरताना एका पे-इन स्लिपच्या मागे लिहिलेली: पेटी शिकणे. नर्मदा परिक्रमा. गावचं घर दुरुस्त करणे. भरपूर वाचन. परिक्रमा साधारणपणे चातुर्मास संपल्यावर उचलतात, म्हणजे कार्तिकापर्यंत ती ओळ बाद. नदी उजव्या हाताला ठेवून पायी अडीच हजारांवर किलोमीटर चालायचं, आणि तुम्ही आजवर चाललात ते स्टेशन ते घर. पेटीचा क्लास आठवड्यातून दोनदा, तासभर. गावच्या घराच्या सात-बारावर चार चुलत भाऊ आहेत. वाचन मात्र होतं. दुपारी दोनला पुस्तक छातीवर पडतं.

यादीत सगळे सण आहेत, वार एकही नाही. नोकरीत असताना केलेल्या अशा बहुतेक याद्या मला अशाच दिसतात, कारण त्या सुट्टीच्या दिवसाला समोर ठेवून केलेल्या असतात.

पुढचं झपाट्यानं सांगतो. २ जुलैला युनिट ट्रस्ट यूएस-६४ या आपल्या योजनेची खरेदी-विक्री थांबवतो आणि तुमचे काही पगार तिथे अडकतात. मुदत ठेवींचे दर दहाच्या आसपासून तीन वर्षांत साडेपाचपर्यंत घसरतात. तुम्ही एका पतपेढीत चौथाई पगारावर कामाला लागता. घरी सांगता, व्याज परवडत नाही. ते खरं आहेच; पण साडेनऊला चपला घालताना तुमचा चेहरा काही वेगळंच सांगतो. व्याजदर पडले म्हणून वाचलेली माणसं मी पाहिली आहेत.

तुमच्याच बॅचचा कॅशियर मात्र निभावून गेला. तो बँकेत असल्यापासून रविवारी गृहनिर्माण सोसायट्यांची दफ्तरं लिहायचा, मिनिट्सपासून ऑडिटच्या उत्तरांपर्यंत. सगळे त्याला हसायचे. व्हीआरएसनंतर त्यानं नवीन काहीच सुरू केलं नाही, रविवारचं काम फक्त आठवडाभर पसरवलं.

चला, परत या. आज तुम्ही आयटीत आहात, एसआयपीचा तक्ता पंचेचाळिसाव्या वर्षी थांबतो आणि तुमच्या मोबाइलमध्येही तशीच एक यादी आहे. राजीनामा देण्याआधी महिनाभर बिनपगारी रजा टाका. कुठं जाऊ नका, घरीच राहा. आणि रजा जून-जुलैतच घ्या: सण फारसे नसतात, आयपीएल उरकलेली असते आणि पावसानं बाहेरही पडवत नाही.