आठ आणे कुणाच्या खिशातून?

बाळंतपणाची पगारी रजा आपल्याकडे कुणी आणली, असं विचारलं की हल्ली एकच उत्तर येतं: बाबासाहेबांनी. पण १९२९ चा मुंबईचा कायदा ज्या विधेयकातून झाला, ते मांडलं होतं आर. एस. आसवले यांनी. बाबासाहेबांनी जुलै १९२८ मध्ये कायदे कौन्सिलात त्याला पाठिंबा दिला, आणि त्या भाषणात एक असा मुद्दा आहे की श्रेयाचा वाद त्यापुढे किरकोळ वाटतो.

मागचे टप्पे थोडक्यात. स्वित्झर्लंडने १८७७ मध्ये बाळंतिणीला कारखान्याबाहेर ठेवलं, पण बिनपगारी. जर्मनीने १८८३ मध्ये आजारविम्यातून पैसे दिले. मग १९१९ ची वॉशिंग्टनची पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद. तिथल्या करारात पैसे कुठून येणार तेही लिहिलं होतं: सरकारी तिजोरीतून, नाहीतर विम्यातून. मालकाचं नाव नाही. भारतीय कामगारांच्या वतीने तिथे नारायण मल्हार जोशी हजर होते. त्यांनी १९२४ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात आणलेलं बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक पडलं.

मुंबईच्या कायद्यात तिजोरीही गेली आणि विमाही. बाळंतपणाआधी तीन आणि नंतर चार आठवडे, रोज आठ आणे, सगळे गिरणीमालकाच्या खिशातून. बाबासाहेबांचं म्हणणं वेगळं होतं. लोकांचं कल्याण जपणं हे मुळात सरकारचं काम, म्हणून मोठा भार सरकारने उचलावा, हे त्यांना मान्य होतं. पण बायकांना कामावर ठेवण्यात पुरुषांपेक्षा जास्त फायदा दिसतो म्हणूनच मालक त्यांना ठेवतो. तेव्हा काही अंशी तरी त्यानेही द्यावं. कायद्यात ‘काही अंशी’चं ‘सगळं’ झालं.

का? परकीय सरकारला बाळंतिणींसाठी तिजोरी उघडायची नव्हती, एवढंच कारण मला पुरेसं वाटतं. विम्याची यंत्रणाच नव्हती, असा बचाव करणारे आहेत. पण यंत्रणा आभाळातून पडत नाही. जर्मनीनेही ती उभारलीच होती.

पुढे मुंबईच्या गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण घसरत गेलं. रात्रपाळीची बंदी आणि नवी यंत्रं ही कारणं अभ्यासक देतात, आणि ती खरीही आहेत. तरी वाइंडिंग म्हणजे सूत गुंडाळण्याच्या खात्यात बाई ठेवली तर बाळंतपणाचं बिल आपल्याच नावावर, हा हिशेब मालकाने केलाच नसेल, हे मला पटत नाही.

विमा आला १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्याने. १९६१ चा कायदा मात्र मुंबईच्याच वळणावर गेला: विम्याबाहेरच्या बाईची बारा आठवड्यांची रजा मालकाच्या खर्चाने. २०१७ मध्ये बाराचे सव्वीस झाले, खिसा तोच. ओरड झाल्यावर २०१८ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाने वाढीव चौदा आठवड्यांपैकी सातांचा पगार सरकारने मालकाला परत करण्याचा प्रस्ताव पुढे केला. सरकारी वाट्याचा बाबासाहेबांचा मुद्दा नव्वद वर्षांनी मंत्रालयाच्या टेबलावर आला, तोही मालकांच्या ओरडीमुळे.