मनाईच्या पाटीचं कूळ

1748 साली विल्यम होगार्थ हा इंग्रज चित्रकार फ्रान्सहून मायदेशी परतत होता. कॅले बंदरात थांबलेला असताना तिथली जुनी वेस त्याच्या नजरेत भरली. कॅले एकेकाळी इंग्रजांच्या ताब्यात होतं आणि त्यांचं राजचिन्ह त्या वेशीवर तोवर शिल्लक होतं. होगार्थ रेखाटायला लागला आणि हेर म्हणून पकडला गेला. आपण चित्रकार आहोत, चित्रं काढणं हाच आपला धंदा आहे, हे त्याला तिथल्या अधिकाऱ्याला पटवून द्यावं लागलं. मग त्याला जहाजावर चढवून इंग्लंडला धाडलं. घरी पोचल्यावर त्यानं त्याच वेशीचं मोठं चित्र रंगवलं. त्यात एका कडेला तो स्वतः रेखाटताना दिसतो आणि त्याच्या खांद्यावर शिपायाचा हात नुकताच येऊन पडलेला आहे.

आज फलाटावर, पुलावर किंवा सरकारी कचेरीच्या फाटकाशी मोबाइल वर केला की ‘ओ, इथं फोटो काढायचा नाही’ म्हणत जो हात आडवा येतो, त्याची वंशावळ या हातापर्यंत मागे नेता येते. कॅमेरा जगापुढे यायला तेव्हा 91 वर्षं अवकाश होता. संशय आधी जन्मला, यंत्र नंतर आलं.

यंत्र आलं तेव्हा मात्र सरकारनं त्याचं स्वागतच केलं, आणि त्यात आपली मुंबई आघाडीवर होती. 1854 साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी या कलेत रमलेले होते. 1855 मध्ये मुंबई सरकारनं तोफखान्यातल्या थॉमस बिग्ज या कॅप्टनला खास छायाचित्रणाच्या कामावर नेमलं, आणि विजापूर, बदामी, ऐहोळे इथल्या इमारती व देवळं त्यानं छायाचित्रांत उतरवली. सत्तेला देश पाहायचा होता, मोजायचा होता, आणि त्यासाठी कॅमेरा हवाच होता. शिवाय तेव्हाचा कॅमेरा चोरून वापरण्याजोगा नव्हता. तिवई, पेटी, काचा, रसायनं, अंधारा तंबू एवढा संसार घेऊन येणाऱ्या माणसाला कोणी पाहिलं नाही असं होणंच शक्य नव्हतं.

ते चित्र 1888 मध्ये कोडॅकनं पालटलं. एका हातात मावणारी पेटी, आत 100 फोटोंची फिल्म, बटण दाबलं की काम झालं. लोक समुद्रकिनाऱ्यावर, रस्त्यात, बागेत अनोळखी माणसांचे फोटो टिपायला लागले आणि ती माणसं चिडायला लागली. 1890 मध्ये अमेरिकेतल्या सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या दोन वकिलांनी ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’त खासगीपणाच्या हक्कावर जो प्रसिद्ध लेख लिहिला, त्यात या झटपट फोटोंचा उल्लेख आहे. इथून मनाईचं एक वेगळं घराणं सुरू होतं. ‘माझा फोटो काढू नका’ असं माणूस म्हणतो ते घराणं. बाजारात भाजी विकणारी बाई तोंडावर पदर ओढते, तेव्हा तिचा नकार त्या घराण्यातला असतो आणि तो निमूट मानावा. मॉलचा किंवा हॉटेलचा मालक स्वतःच्या जागेत नियम घालतो, तोही त्याचा अधिकार आहे. या लेखाचा विषय आहे ते दुसरं घराणं: ‘सरकारचा फोटो काढू नका.’ दोन्हींची सरमिसळ केली की पहिल्याचा मान दुसऱ्याला फुकट मिळतो, म्हणून ती वेगळी ठेवायला हवीत.

या दुसऱ्या घराण्याचा कायदा इंग्लंडमध्ये एका भीतीच्या लाटेत घडला. जर्मनीशी आरमारी चुरस चालली होती. विल्यम ल क्यू नावाचा लेखक कैसरच्या हेरांवर रहस्यकथा लिहीत होता आणि वाचक त्या बातम्यांसारख्या वाचत होते. 1909 मध्ये ब्रिटिश सरकारनं हेरांचा माग काढणारं खातं उभं केलं. 1910 च्या उन्हाळ्यात ब्रँडन आणि ट्रेंच हे दोन ब्रिटिश अधिकारी जर्मनीच्या किनाऱ्यावरची संरक्षणव्यवस्था टेहळताना पकडले गेले आणि त्यांना चार-चार वर्षांची शिक्षा झाली. त्याच सप्टेंबरात पोर्ट्समथच्या किल्ल्यांची रेखाटनं करताना हेल्म नावाचा जर्मन लेफ्टनंट सापडला. तो मात्र हमीवर सुटला, कारण 1889 च्या ब्रिटिश गोपनीयता कायद्याखाली त्याचा वाईट हेतू शाबीत करणं सरकारला अवघड होतं.

म्हणून ऑगस्ट 1911 मध्ये, मोरोक्कोवरून युद्धाचे ढग जमलेले असताना, नवा कायदा आणला गेला आणि हाउस ऑफ कॉमन्सनं तो एका दुपारीत हातावेगळा केला. त्यातलं महत्त्वाचं कलम असं: आरोपीनं अमुकच कृत्य केलं हे दाखवायची गरज नाही, परिस्थिती, त्याचं वागणं किंवा त्याचा माहीत असलेला स्वभाव यांवरून हेतू ताडता येईल. कॅमेरा हाती असलेल्या माणसाला ‘कशाला काढताय?’ हा प्रश्न आजही आधी विचारला जातो. त्यामागे हे कलम आहे असं मला वाटतं. हेतू सरकारनं शोधायचा, ही पद्धत मागे पडली; तो आता तुम्ही समजावून सांगायचा.

हिंदुस्थानात गोपनीयतेचा पहिला कायदा 1889 चाच. तो लष्करी आणि आरमारी गुपितांपुरता होता. कर्झनच्या सरकारला तेवढ्यानं भागेना. 1903 मध्ये दुरुस्तीचं विधेयक आलं, त्यात मुलकी कारभारही गुपितांच्या यादीत ओढला गेला आणि आपण निर्दोष आहोत हे दाखवण्याचं ओझं आरोपीवर टाकण्याकडे कल होता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात त्याला कसून विरोध केला. आरमार आणि कचेरी एकाच तागडीत घालू नका, हे त्यांचं म्हणणं होतं. विधेयकाची धार थोडी बोथट झाली, पण 1904 मध्ये ते मंजूर झालं. गोखल्यांची ही भाषणं आज फारशी कुणी वाचत नाही, याचं वाईट वाटतं; फाटकावरच्या पहारेकऱ्याशी आपला जो वाद होतो तो त्यांनी विधिमंडळात आधीच मांडून ठेवला आहे.

मग 1923 चा शासकीय गोपनीयता कायदा आला, जो आजही लागू आहे. त्यात रेखाटनाच्या व्याख्येत फोटोही धरला आहे, म्हणजे होगार्थची वही आणि तुमचा मोबाइल कायद्याच्या लेखी एकाच जातीचे. पण कायदा वाचत पुढे गेलं की अशी गोष्ट सापडते जी पाटी लावणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसते. ‘निषिद्ध स्थळ’ म्हणजे काय, याची सविस्तर व्याख्या तिथं आहे. शस्त्रागार, नौदलाची गोदी, लष्करी तळ ही स्थळं आपसूक निषिद्ध. खडकीच्या दारूगोळा कारखान्याला किंवा मुंबईच्या नौदल गोदीला वेगळ्या घोषणेची गरज नाही, आणि तिथं कोणी अडवलं तर ते योग्यच. पण रेल्वे, रस्ता, पूल, पाण्याचं किंवा विजेचं केंद्र निषिद्ध ठरायला केंद्र सरकारची राजपत्रातली अधिसूचना लागते. आणि तेवढंही पुरत नाही: त्या अधिसूचनेची प्रत त्या जागी इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत लावलेली असली पाहिजे.

मनाईच्या पाटीला कायद्यात पाया आहे तो हा. लोकांना दरडावणं हा तिचा हेतू नव्हता, आधी कळवणं हा होता. वसाहतीच्या सरकारनं, जे आपल्याला प्रजेहून जास्त काही मानत नव्हतं, त्यानंसुद्धा एवढं मान्य केलं होतं की ज्या जागेसाठी माणसाला तुरुंगात टाकायचं, ती जागा त्याला त्याच्या भाषेत आधी सांगितली पाहिजे. पुढे पाटी उरली आणि अधिसूचना गळाली. आज ‘फोटो काढण्यास सक्त मनाई आहे’ एवढंच रंगवलेलं असतं. कोणत्या कायद्यानं, कोणाच्या हुकमानं, कोणत्या तारखेपासून, यातलं काहीच नसतं.

गुप्तता कोणापासून राखायची, याचा विसर पडला की काय होतं, ते मुंबईनं 14 एप्रिल 1944 रोजी पाहिलं. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या आणि सुमारे 1400 टन स्फोटकं होती. दोन स्फोटांनी गोदी आणि मांडवीचा परिसर उद्ध्वस्त झाला, शेकडो माणसं गेली. छायालेखक सुधीश घटक यांनी केलेलं चित्रीकरण लष्करी अधिकाऱ्यांनी जप्त केलं; त्यातला काही भाग नंतर कधीतरी वृत्तपटात लोकांना दाखवला गेला. बातमीदारांना सविस्तर हकिगत पाठवायची परवानगी मे महिना उजाडल्यावर मिळाली. आणि जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं ती बातमी दुसऱ्याच दिवशी तपशिलासह दिली होती. शत्रूला सगळं कळलं होतं; कळू दिलं नव्हतं ते ज्यांची घरं पडली त्यांच्या देशबांधवांना.

स्वातंत्र्यानंतर हा कायदा गेला नाही. 1967 मध्ये त्यातल्या शिक्षा आणखी कडक झाल्या. दुसऱ्या नियमांच्या शाखाही फुटत गेल्या. 1937 च्या विमान नियमांतला 13 वा नियम सरकारी विमानतळावर आणि उडत्या विमानातून फोटो काढायला लेखी परवानगी मागत असे. विमानाच्या खिडकीतून ढगांचा फोटो घेणाऱ्या प्रवाशाला 2004 पासून मोकळीक होती, तरी सप्टेंबर 2020 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला ती पुन्हा स्पष्ट करून सांगावी लागली. पुरातत्त्व खात्यानं जुलै 2018 मध्ये आपल्या अखत्यारीतल्या स्मारकांवरची मनाई उठवली, अपवाद तीनच ठेवले: ताजमहालातली कबर, लेहचा राजवाडा आणि आपली अजिंठ्याची लेणी. अजिंठ्याला चित्रांची काळजी आहे, ती समजते. 2015 च्या नाशिक कुंभमेळ्यात सेल्फी-बंदीचे पट्टे आखले गेले, ते चेंगराचेंगरी टाळण्यासाठी. कारण सांगितलं की माणूस ऐकतो.

कारण न सांगता बंदी घातली तर नुकसान कोणाचं होतं? 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री, मुंबईवर दहशतवादी हल्ला चालू असताना, छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा कॅमेरा घेऊन शिरले. गोळीबार चालू असताना त्यांनी हल्लेखोर अजमल कसाबचा तो प्रसिद्ध फोटो टिपला. पुढे त्यांनी न्यायालयात साक्ष दिली, आणि 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकालपत्रात त्यांच्या आणि दुसरे छायाचित्रकार श्रीराम वेर्णेकर यांच्या धैर्याची दखल घेतली. ज्या जागी साध्या प्रवाशाला ‘कॅमेरा आत ठेवा’ म्हणून दटावलं जातं, त्याच जागी काढलेले हे फोटो सरकारी पक्षाचा पुरावा ठरले.

परदेशात याहून वेगळं घडलं असं नाही. नोव्हेंबर 2001 मध्ये ग्रीसमधल्या कालामाटाच्या हवाई तळावर विमानांच्या नोंदी टिपणाऱ्या ब्रिटिश आणि डच हौशी मंडळींना हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलं, दोषी ठरवलं, आणि वर्षभरानं अपिलात सोडलं. लंडनमध्ये दहशतवादविरोधी कायद्याच्या 44 व्या कलमाखाली संशयाशिवाय झडती घेता येई आणि छायाचित्रकार वारंवार त्यात सापडत. जानेवारी 2010 मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं ते अधिकार बेकायदा ठरवले. त्याच महिन्यात ट्रॅफल्गर चौकात कॅमेरे घेऊन मोठा जमाव जमला आणि सगळ्यांनी मिळून फोटो काढले.

आपल्याकडे हा प्रश्न वर्ध्यातून न्यायालयात गेला. 2018 मध्ये शेजाऱ्यांच्या भांडणावरून एक जोडपं पोलीस ठाण्यात आलं होतं. तिथल्या चर्चेचं मोबाइलवर चित्रीकरण झालं म्हणून नवऱ्यावर गोपनीयता कायद्याचा गुन्हा दाखल झाला. हेरांसाठी केलेला कायदा, भांडणाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला लावला. जुलै 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो रद्द केला. कारण सरळ होतं: निषिद्ध स्थळांची व्याख्या कायद्यात पूर्ण दिलेली आहे आणि तिच्यात पोलीस ठाणं बसत नाही.

2024 च्या सप्टेंबरात त्याच न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे पाथर्डीचं प्रकरण आलं. पोलीस ठाण्यात झालेल्या संभाषणाचं रेकॉर्डिंग, पुन्हा तोच कायदा, तीच कलमं. न्यायमूर्तींनी निषिद्ध स्थळाची व्याख्या पुन्हा एकदा वाचून दाखवली आणि गोपनीयता कायद्याखालचा गुन्हा रद्द केला.