जलवितरण जाळ्यातील दाबबदल, मागणीमुळे होणारे

शहराच्या नळजोडण्यांतून होणारा पाण्याचा वापर सतत कमीजास्त होतो आणि त्याबरोबर वाहिन्यांतील दाबही बदलतो. हा बदल गणिती प्रतिमानाने आधी आजमावता येतो. पाणी किती उंच चढेल यावरून दाब मीटरमध्ये सांगण्याची पद्धत आहे.

जलकुंभातील पाण्याच्या पातळीतून घर्षणात खर्च झालेली उंची वजा केली की नळापाशी दाब उरतो. हेझन-विल्यम्स सूत्रानुसार ही हानी प्रवाहाच्या 1.852 व्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह तिप्पट झाला, तर हानी सुमारे साडेसात पट होते. समजा, कुंभातील पातळी नळापेक्षा 25 मीटर उंच आहे आणि मध्यरात्रीची हानी 2 मीटर आहे. सकाळी प्रवाह तिप्पट होताच सुमारे 15 मीटर घर्षणात जातात आणि नळाला सुमारे 10 मीटर उरतात. केंद्रीय सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण अभियांत्रिकी संघटनेच्या 1999 च्या नियमपुस्तिकेत एकमजली इमारतींसाठी किमान 7, दुमजलींसाठी 12 आणि तीनमजलींसाठी 17 मीटर दाब सांगितला आहे. रात्री या नळाला तिन्ही प्रकारांसाठी पुरेसा दाब असतो, सकाळी दुमजली घरालाही पाणी पुरेशा जोराने मिळत नाही.

जाळ्यातील प्रवाह हाताने सोडवण्याची पद्धत हार्डी क्रॉस यांनी 1936 मध्ये मांडली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1993 मध्ये ‘ईपॅनेट’ ही मोफत संगणकप्रणाली दिली आणि ही आकडेमोड सर्वांच्या आवाक्यात आली. मागणी मात्र प्रतिमानाला बाहेरून पुरवावी लागते, आणि खरी अडचण तिथेच आहे. बुखबर्गर व वू यांनी 1995 मध्ये घरातील प्रत्येक वापर हा ठरावीक प्रवाहाचा, ठरावीक काळ टिकणारा, यादृच्छिक वेळी सुरू होणारा स्पंद मानला. नेदरलँड्समधील ‘सिमड्यूम’ प्रतिमान अशा स्पंदांची रचना घरातली माणसे, त्यांच्या सवयी आणि उपकरणे यांवरून करते. घरे एकमेकांपासून स्वतंत्रपणे नळ उघडत असतील, तर घरांची संख्या वाढेल तसे एकूण मागणीतले सापेक्ष चढउतार कमी होतात. म्हणून मुख्य वाहिनीत दाब संथपणे बदलतो, गल्लीच्या टोकाला तो झटक्यांनी बदलतो.

सगळ्यांचे वेळापत्रक एक झाले की हा हिशेब मोडतो. 28 फेब्रुवारी 2010 रोजी ऑलिंपिक आइस हॉकीच्या अंतिम सामन्यात कॅनडातील एडमंटन शहराचा पाणीवापर खेळ सुरू असताना घटत होता आणि प्रत्येक मध्यंतरात एकदम उसळत होता.

भारतातील बहुतेक शहरांत असे रोजच घडते, कारण पाणी ठरावीक वेळीच येते. व्हॉल्व्ह उघडताच सगळे नळ एकदम चालू होतात आणि टाक्या भरेपर्यंत बंद होत नाहीत. अशा वेळी घराला मिळणारे पाणी गरजेवर ठरत नाही, ते दाबावर ठरते; उघड्या नळाचा प्रवाह साधारणपणे दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. मागणी स्थिर धरणारे प्रतिमान येथे टोकाच्या घरांसाठी ऋण दाब दाखवते आणि तरीही त्यांना पूर्ण पाणी मिळाले असे मानते. दाबाधारित मागणीचे गणित ‘ईपॅनेट’मध्ये 2020 च्या 2.2 आवृत्तीपासून आले. नळाला थेट लावलेल्या मोटरचे शोषणही त्यात धरावे लागते, कारण त्याने वाहिनीतला दाब वातावरणीय दाबाखाली गेला की सांध्यांतून गटाराचे पाणी आत शिरू शकते.

झडप झटकन बंद झाल्याने उठणारा जलाघात हा वेगळा विषय आहे. झुकोव्हस्की यांच्या सूत्रानुसार पोलादी वाहिनीत सेकंदाला 1 मीटर वेगाचे पाणी एकाएकी थांबले, तर दाब सुमारे 100 मीटरने वाढतो. ‘ईपॅनेट’ची मूळ पद्धत ही लाट पकडत नाही.

ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या शहरात नवी वाहिनी टाकण्याचा निर्णय केवळ स्थिर मागणीच्या प्रतिमानावर घेऊ नये. टोकाच्या नळांवर दाबमापक बसवून आलेल्या आकड्यांशी ते आधी पडताळून घ्यावे.