लाकडी नौका : कालनिर्णय व निर्मातृनिश्चय

जुन्या लाकडी नौकेचा बांधणीकाल व तिचा कारागीर निश्चित करण्याची अभ्यासपद्धती. काष्ठाची जाती, फळ्या जोडण्याची रीत, खिळ्यांचा धातू आणि गोदीच्या दप्तरातील नोंदी ही तिची प्रमुख साधने होत. काथ्याने शिवलेल्या फळ्या अरबी समुद्रावरील प्राचीन परंपरा सुचवितात, तर ब्रिटिश आरमारी जहाजाच्या तळावरील तांब्याचे पत्रे सामान्यतः अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे किंवा त्यानंतरच्या काळाकडे निर्देश करतात. तथापि खिळे व पत्रे दुरुस्तीत वारंवार बदलले जात असल्यामुळे कण्यासारख्या मूळ अवयवाची साक्ष अधिक ग्राह्य मानली जाते. वृक्षवलयांवरून झाडाच्या तोडणीचा काल अनुमानता येतो. पण लाकूड वाळवून वापरीत असल्याने तोडणी व बांधणी यांत अंतर संभवते.

निर्मात्याची ओळख दप्तराने पूर्णत्वास जाते, याचे ठळक उदाहरण मुंबई गोदीचे. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले व पुढे त्यांच्या घराण्याकडे गोदीतील जहाजबांधणीची मुखत्यारी राहिली. याच घराण्यातील जमशेटजी बमनजी यांनी मलबारी सागातून बांधलेले ‘त्रिंकोमाली’ हे ब्रिटिश आरमारी जहाज १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. त्याच्या कण्यात पारशी प्रथेनुसार चांदीचा खिळा ठोकण्यात आला होता. ‘त्रिंकोमाली’ सांप्रत इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन केलेले आहे.