नारळी पौर्णिमा : आमचा जुना कायदा

आपल्या कोळी ज्ञातीचा इतिहास ताम्रपटांत फारसा सापडावयाचा नाही. तो भरती-ओहोटीच्या वेळांत, जाळ्यांच्या आसांत आणि सणांच्या तिथींत शोधावा लागतो. त्यांतील एका तिथीचा विचार येथे योजिला आहे.

वाडवडिलांपाशी शिडाच्या होड्या व सुताची जाळी होती. समुद्रतळाशी रोवलेल्या खुंटांना डोल बांधीत. उधाणाच्या ओढीने मासळी तींत शिरे, भांगाला हात आखडावा लागे. मृगाच्या सुमारास होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारीत, आणि श्रावणी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण केल्यावरच पाण्यात लोटीत. यामुळे खवळलेल्या समुद्रापासून माणसे वाचत आणि अंडी घालणाऱ्या मासळीस विसावा मिळे. आमचे आजोबा तांडेल होते. गाभोळीची मासळी मारणे म्हणजे बियाण्याचा भात शिजविणे, असे ते म्हणत.

स्वातंत्र्यानंतर यंत्रे आली, नायलॉनची जाळी आली. त्यांस आम्ही नावे ठेवीत नाही. त्यांच्याच कमाईने अनेक मुले शाळेची पायरी चढली, हे आम्ही शिक्षक या नात्याने पाहिले आहे. परंतु शीड वाऱ्याचे ऐके. यंत्र कोणाचेच ऐकेना. तिथीने होणारे काम कायद्याकडे गेले. १९८१ साली महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम झाला. आता १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस यांत्रिक नौकांस बंदी असते. २०२३ साली पापलेट राज्यमासा ठरला, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीचे किमान आकारमान शासनाने ठरविले.

आता तिथी पाहा. नारळी पौर्णिमा २०२३ साली ३० ऑगस्टला, २०२४ साली १९ ऑगस्टला आणि २०२५ साली ८ ऑगस्टला आली. म्हणजे वाडवडिलांची बंदी सरकारी बंदीहून उशिरा उठे, आणि तीस पहारेकरी लागत नव्हता. आज नौका आधी निघतात, नारळ मागाहून वाजतगाजत जातो. हा उलटा क्रम आम्हांस बोचतो.

बाहेरच्या मोठ्या नौका, सांडपाणी व भराव यांनी दर्याचे नुकसान केले, हे खरेच. परंतु बाजारात दिसणारी बोटभर पापलेटे सारीच परक्यांच्या जाळ्यांतील नसतात.

कर्जाचे हप्ते थांबत नाहीत, हे आम्ही जाणतो. तरीही ज्ञातिबंधुभगिनींस विनंती की, एखाद्या कोळीवाड्याने तरी नारळ आधी आणि नौका मागून, असा ठराव करून पाहावा. बियाणे राखले तरच नातवंडांच्या टोपलीत मासळी पडेल.