माळवदाची माती आणि किल्लारीची पहाट

लातूर-नांदेडकडच्या जुन्या गावात वाढलेल्या माणसाला माळवद समजावून सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात रात्री वर झोपायचे, दिवसा वर कुरडया-पापड वाळवायचे आणि खाली संसार. लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे व फळ्या आणि सगळ्यांच्या वर मातीचा थर, अशी ही सपाट छपराची रचना. घर केवढे आहे, हे खणांवरून सांगायचे.

या रचनेतला कायमचा प्रश्न एकच: खालची खोली कोरडी कशी ठेवायची? त्यासाठी बारीक कणांची पांढरी माती वापरत. पाऊस पडला की ती चिकटून घट्ट बसते आणि पाणी उतारावरून पन्हाळीकडे जाते. पण उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. म्हणून दरवर्षी मृगाआधी गाढवांवर किंवा बैलगाडीतून नवी माती आणून माळवदावर पसरत.

डॉक्टर म्हणून मला ही धडपड मोलाची वाटते. ओल्या भिंतींवर बुरशी धरते. अशा घरात दमा बळावतो आणि खोकला, शिंका, श्वसनाचे संसर्ग वाढतात. ओल आणि बुरशी यांवर जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. आपल्या आजीला ती वाचावी लागली नव्हती. गळके घर म्हणजे आजारी घर, हे तिला ठाऊक होते.

चूक दुसरीकडे होत होती. नवी माती दरवर्षी पडे, जुनी मात्र सहसा कोणी काढत नसे. दोन-तीन पिढ्यांत अनेक घरांवर हा थर अर्धा मीटर किंवा त्याहून जाड झाला. हिशेब करून पाहा: अर्धा मीटर जाडीची माती म्हणजे दर चौरस मीटरला साधारण ८०० किलो. दहा फूट बाय दहा फुटांच्या खोलीवर सात टनांहून जास्त. भोवतीच्या भिंती रुंद होत्या, पण दगड साध्या चिखलात रचलेले. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत बांधणारे लांब दगड बहुधा नसत. त्यातच छपरातून झिरपलेले पाणी भिंतीत उतरून सांध्यांतला चिखल धुऊन नेई.

३० सप्टेंबर १९९३. गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर परिसर हादरला आणि काही सेकंदांत हजारो माणसे दगडामातीखाली गेली. अशा वेळी मृत्यू नेहमी डोक्याला मार लागूनच होतो असे नाही. छातीवर मातीचा भार आला की फासळ्या हलत नाहीत, श्वास घेता येत नाही. नाकातोंडात धूळ जाते ती वेगळीच. बराच वेळ दबलेले स्नायू मोकळे झाल्यावर त्यांतले घातक घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. म्हणून बाहेर काढलेला माणूस बोलत असला, तरी त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे लागते.

नंतरच्या पुनर्वसनात बरीच गावे नव्या जागी वसली. जी घरे जागेवरच राहिली, त्यांच्यासाठी तज्ज्ञांनी सुचवलेले उपाय साधे होते: माळवदावरची माती कमी करा, पाणी अडवायला प्लास्टिकचा कागद अंथरून वर पातळ थर द्या आणि भिंतीत आडवे लांब दगड घाला. कोरडेपणा हवाच, पण तो वजन वाढवून मिळवू नका, हा त्याचा अर्थ.

आजही तुमच्या वाड्यावर माळवद असेल, तर यंदा नवी माती टाकण्याआधी जुनी किती साठली आहे ते मोजा. ती उतरवण्याआधी जाणकाराकडून लाकूड तपासून घ्या, कारण कुजलेली तुळई माणसाचा भारही सोसत नाही. स्लॅबच्या घरालाही हाच नियम. गळती थांबत नाही म्हणून कोब्यावर कोबा चढवू नका. आधी भेग शोधा, उतार आणि पाण्याची वाट नीट करा.

छप्पर गळले तर माणूस आजारी पडतो. छप्पर कोसळले तर उपचारालाही माणूस उरत नाही.