समाध्यांच्या वाटेवर

नोव्हेंबर मास हा ख्रिस्तसभेने परलोकवासी आत्म्यांच्या स्मरणास वाहिलेला आहे. त्याच मासात आम्ही व आमचे एक जुने स्नेही चंद्रपूर प्रांतीची पुरातन स्मृतिस्थळे पाहावयास निघालो. "ज्युबिली जिवंतांची, आणि आपण मृतांच्या दारी का जावे?" असा स्नेह्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर वाटेतच मिळाले.

प्रथम अचलेश्वर दरवाज्याजवळील गोंडराजांच्या समाध्या पाहिल्या. शेजारूनच झरपट नदी वाहते. खांडक्या बल्लाळशहा राजाचे अंग व्रणांनी भरले होते, ते झरपटच्या पाण्याने बरे झाले व राणीच्या सल्ल्यावरून त्याने येथे नगर वसविले, अशी आख्यायिका आहे. समाध्यांत सर्वांत भव्य ती बीरशहाची. अठराव्या शतकाच्या आरंभी राजाचा वध झाला. पदरी पुत्र नव्हता. राणी हिराईने रामशहास दत्तक घेऊन राज्य सांभाळिले आणि पतीची ही समाधी बांधविली. स्नेही बराच वेळ त्या दगडांकडे पाहत राहिले व म्हणाले, "ही राजाची खरी, पण येथे आठवण होते ती राणीची."

तेथून कारागृहाकडे गेलो. बाबुराव शेडमाके हे मोलमपल्लीचे जमीनदार. त्यांचा मुलूख आजच्या गडचिरोली जिल्ह्यात येतो. इ. स. १८५७-५८ च्या उठावात त्यांनी अरण्यातील गोंड तरुण जमवून इंग्रजांशी झुंज दिली. पुढे ते पकडले गेले व २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, वयाच्या अवघ्या २५ व्या वर्षी, येथील पिंपळावर त्यांस फाशी देण्यात आले. ना घुमट, ना महाल. तरी दरवर्षी त्या तिथीस लोक दूरदूरच्या गावांहून येथे येतात. ज्यास लोक विसरत नाहीत, त्यास घुमटाची काय उणीव?

सायंकाळी वरोऱ्यास आनंदवनात पोहोचलो. महारोग्यांना समाजाने गावाबाहेर लोटले असता बाबा आमटे व साधनाताई यांनी इ. स. १९४९ च्या सुमारास या खडकाळ माळावर त्यांच्यासह आपले घर केले. बाबा ९ फेब्रुवारी २००८ रोजी निवर्तले. दहन न करिता देह मातीत ठेवावा, ही त्यांची इच्छा होती. इ. स. २०११ मध्ये साधनाताईही त्यांच्या शेजारी विसावल्या. राजाच्या व्रणांची कथा सकाळी ऐकली आणि रंकांच्या व्रणांवर फुंकर घालणाऱ्यांची माती सायंकाळी पाहिली. दोघेही निःशब्द उभे राहिलो.

परतताना स्नेह्यांनी हळूच विचारिले, "आपल्या दफनभूमीतील कोपऱ्यातली ती थडगी कोणाची?" आम्हांस उत्तर देता येईना. लाकडी क्रूस कुजले, त्यांवरील नावे पुसली गेली. ज्यांनी आमच्या आजोबांस प्रार्थना शिकविली, त्यांतील कोणी तेथे निजले असतील. आम्ही मात्र त्यांवरून गवत तुडवीत गेलो. लाज वाटली.

वाचकहो, ज्युबिलीच्या दीपांत एक दीप त्या कोपऱ्यासाठी ठेवू या. आपल्या धर्मग्रामात अजून चार वृद्ध माणसे आहेत, ज्यांना ती नावे मुखोद्गत आहेत. येत्या रविवारी मिस्सानंतर आम्ही व आमचे स्नेही वही घेऊन त्यांच्या घरी जाणार आहोत. आपणही यावे, उशीर झाल्यास सांगणारे कोणी उरणार नाही.